ग्राहकाने स्वतः दिलेला नंबर

मोबाइल क्रमांक

"हां पियूष, बोल," कमळ म्हणाली, आणि काळूरामच्या हातातला भाकरीचा तुकडा सुकटीच्या वाटीवरच थांबला.

दुसऱ्या पाळीचा आठवडा होता, म्हणून तो लवकर जेवून कामावर निघायच्या बेतात होता. एरवी अकरा-चाळीसला तो न्हावा शेव्याच्या यार्डात असायचा. रिकामे कंटेनर तिथे येऊन पडत. कुठला कुठे चेपलाय, कुठल्याचं दार नीट लागत नाही, हे बघून लिहून ठेवायचं, हे त्याचं काम. घरी या वेळेला काय चालतं याची चौकशी करावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आज ते समोरच चाललं होतं. बायकोने पदराला हात पुसून ओट्यावरचा फोन उचलला होता आणि खिडकीला टेकून ती हसत होती. नुसतं तोंडाने नाही, खांदेसुद्धा हलत होते.

"न्हाय रे, आज बरा हाय गुडघा. तू सांगितलंस तसंच, तेल कोमट करून लावलं."

गुडघा. काळूरामला गुडघ्याचं ठाऊक नव्हतं. म्हणजे पायरी चढताना ती भिंतीला हात लावते, हे त्याने पाहिलं होतं. पण त्याला गुडघा म्हणतात, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं, पण तो मुद्दा त्या क्षणी त्याच्या मनात आला नाही.

फोन ठेवल्यावर त्याने कोण म्हणून विचारलं. विम्यावाला आहे, रोज पुण्याहून बोलतो, ती म्हणाली. विमा काढायचाय का? नाही. मग रोज बोलतो काय?

"कशा आहात इचारतो. मी सांगते."

एवढं बोलून ती भात बघायला वळली. काळूरामने भाकरी संपवली, पण सुकटीची चव त्याला लागली नाही.

अर्जदाराचे नाव (संपूर्ण)

सौ. कमळ काळूराम गावंड.

हे नाव रेशन कार्डावर होतं, बचत गटाच्या वहीत होतं, आधारवर होतं. घरात कोणाच्या तोंडी नव्हतं. सासू होती तोवर ती सूनबाय होती, मुलगी झाल्यावर अमिषाची आय झाली, आणि काळूरामसाठी ती पहिल्यापासून 'गो' होती. गो, चा दे. गो, छत्री कुठं हाय. नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारायची, हे त्यांच्या आळीत त्याच्या वयाच्या माणसाला जमण्यासारखं नव्हतं. लग्नात उखाणा घेताना एकदा ते नाव त्याने घेतलं होतं, तेही अर्धं गिळून, आणि मांडवातल्या बाया त्यावर आठवडाभर हसल्या होत्या. त्याला एकोणतीस वर्षं झाली.

आणि आता हा कोण कुठला पियूष. दुसऱ्या दिवशी कमळने भाजी चिरताना फोन स्पीकरवर टाकला, तेव्हा काळूरामने दाराआडून नीट ऐकलं. कमळ मॅडम, गुड मॉर्निंग. कमळ मॅडम, काल पाऊस होता का तुमच्याकडे? बरं का कमळ मॅडम. एका मिनिटात तीन वेळा. कोणी पायातल्या चपला घरात नेऊन ठेवाव्या, तसं ते नाव तो पोरगा बिनदिक्कत आत आणून ठेवत होता. आणि प्रत्येक वेळी कमळचा हात विळीवर जरासा थांबत होता.

काळूरामच्या छातीत काहीतरी आंबट वर आलं. ॲसिडिटी, असं त्याने स्वतःला सांगितलं.

हा क्रमांक आपणांस कोठून मिळाला?

हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि दुखणं तिथेच होतं.

काळूरामचा स्वतःचा फोन गेली सहा वर्षं स्वच्छ होता. लोनवाले नाहीत, प्लॉटवाले नाहीत, अभिनंदन-आपण-जिंकलात नाहीत. यार्डातल्या बाकीच्यांचे फोन दिवसभर किणकिणत; हा मात्र खिशावर थोपटून म्हणायचा, बघा, शांत. युक्ती साधी होती. कुठेही कागद पुढे आला की तो बायकोचा नंबर लिहायचा. पनवेलला मॉलमध्ये गाडी ठेवली होती, चिठ्ठी भरा, गाडी जिंका. तिचा नंबर. क्रिकेटच्या सामन्यांचं लकी कुपन, टायरचं दुकान, अलिबागच्या प्लॉटचं प्रदर्शन, चष्म्याची मोफत तपासणी. सगळीकडे तिचा, कधी तिच्यादेखतच. तो नंबर त्याला तोंडपाठ होता तो तिला फोन लावून नव्हे, लिहून लिहून.

ही युक्ती त्याने हरेश्वरला मोठ्या तोऱ्यात सांगितली होती. हरेश्वर यार्डात क्रेनवर असतो आणि वरून बोलल्यासारखाच बोलतो.

"म्हंजे आपल्या घरचा कचऱ्याचा डबा तू बायकोच्या डोक्यावर ठेवलास," तो म्हणाला होता. तेव्हा दोघंही हसले होते.

संपर्कासाठी सोयीची वेळ

कमळ मासळी घ्यायला ठमाबाईच्या टोपलीशी गेली की काळूराम तिचा फोन उघडून बघू लागला. आपण चोरी करतोय असं त्याला वाटलं नाही. फोनचं बिल कोण भरतं, असं काहीसं त्याने मनात जुळवून ठेवलं होतं.

अकरा एक्केचाळीस. सहा मिनिटं बारा सेकंद.
अकरा अडतीस. चार मिनिटं पन्नास.
अकरा चाळीस. नऊ मिनिटं.

नऊ मिनिटं! त्याने बोट खाली सरकवत नेलं. मधूनमधून त्याचं स्वतःचं नाव लागलं. चौदा सेकंद. नऊ सेकंद. अकरा सेकंद. उशीर होईल. जेवून घे. दार लावून घे. तो या चौदा सेकंदांकडे बराच वेळ बघत राहिला आणि त्याला त्या पोराचा आणखी राग आला. जणू ती बाकीची मिनिटं त्यानेच उचलून नेली होती.

गुरुवारी कमळ बाहेर असताना फोन वाजला. अकरा चाळीस. काळूरामने घेतला.

"नमस्कार, कमळ मॅडम आहेत का?"

"मी मिस्टर बोलतोय."

"अरे, काळूराम सर! नमस्कार सर. मॅडम सांगतात तुमच्याबद्दल."

शिवी तोंडाशी आणून तयार ठेवलेली, ती तिथेच राहिली. "काय सांगते?" त्याच्याही नकळत त्याने विचारलं.

"की तुम्ही कामात असता."

हे चांगलं की वाईट, ते काळूरामला ठरवता येईना. आवाज चढवून त्याने विचारलं, की नंबर कुठून मिळाला, लोकांच्या बायकांचे नंबर गोळा करायला लाज वाटत नाही का? पियूष अजिबात चिडला नाही. त्याला याची सवय असावी. माझ्यासमोर यादी आहे, सर, तो म्हणाला, मी फक्त यादीतले लावतो. दिवसाला दोनशे. एकशे नव्वद लोक शिव्या देतात. मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या, पाणी पी बाबा, घसा बसलाय तुझा. मग मध्येच थांबून त्याने पडद्यावरचं वाचून दाखवलं.

"इथे शेरा आहे सर. ग्राहकाने स्वतः दिलेला नंबर. पनवेल, गाडीचा लकी ड्रॉ. खाली सही आहे, क. का. गावंड. मॅडमचीच ना?"

मॅडमची नव्हती. त्या दिवशी कमळ मॉलच्या बाहेर पिशव्या सांभाळत बसली होती.

"पुन्हा लावू नको," काळूराम म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्याने पियूषचा नंबर अडवून टाकला. एवढ्यावर समाधान होईना, म्हणून नको असलेले फोन बंद करायचा जो सरकारी क्रमांक हरेश्वरने दिला होता, त्यावर संदेशही पाठवला. सगळ्या प्रकारचे फोन बंद करायचे का? हो. फोन होता तिथे, होता तसाच, उताणा ठेवला आणि हात धुतले.

अर्जदाराशी नाते

पहिले दोन दिवस काळूरामला बरं वाटलं. अकरा चाळीस व्हायचे आणि काही व्हायचं नाही.

तिसऱ्या दिवशी कमळने फोन चार्जिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. चौथ्या दिवशी खिडकीपाशी नेऊन रेंज बघितली. पियूषला बरं नसेल, असं ती स्वतःशीच पुटपुटली, आणि काळूरामचा तीळपापड झाला. त्याला सर्दी झाली होती, तो चार दिवस शिंकत होता. त्याबद्दल ती काही पुटपुटली नव्हती. काढा मात्र रोज दिला होता.

सहाव्या दिवशी तिला नोंदणीचा तो संदेश सापडला. तिने तो दोनदा वाचला. काळूराम समोर चपलेचा अंगठा शिवत बसला होता. आता भांडण होणार म्हणून त्याने उत्तरंही तयार ठेवली होती. तिने आवाज चढवला नाही.

"नंबर गावभर वाटलात तवा मला इचारलं न्हाय," ती म्हणाली. "बंद केलात तवापन न्हाय."

"तुझ्या भल्यासाठी केलं. असली मानसं बायांना गोड बोलून फसवतात."

"फसवलं असतं तर कललं असतं मला. तो निदान माझ्याशी बोलत होता, कागदाशी न्हाय."

पुढच्या सोमवारी ती उरणला गेली आणि नवीन सिमकार्ड घेऊन आली. मग चार दिवस बँकेत, गॅसवाल्याकडे, आधारच्या खिडकीशी, प्रत्येक ठिकाणी स्वतः रांगेत उभी राहिली आणि जुना नंबर खोडून नवा घालून आली. गुडघ्याला पट्टा बांधून. काळूरामला हे कळलं ते यार्डातून. उशीर होईल सांगायला त्याने फोन लावला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईने त्याला आधी मराठीत आणि मग हिंदीत सांगितलं.

घरी आल्यावर सहज विचारल्याचा आव आणून तो म्हणाला, "नवा नंबर दे गो."

"कशाला?"

"लागला तर."

"तुमी लिहाल कुठंतरी."

ती हे रागाने बोलली असती तर त्याला झेपलं असतं. भातात मीठ घातलंय का, हे सांगावं तशी ती बोलली. आणि थोड्या वेळाने, ताट वाढताना, त्याने न विचारलेल्या गोष्टीचं उत्तरही देऊन टाकलं. "पियूषला पन न्हाय दिला. मनात ठेवू नका."

काळूरामला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण घास गिळताना त्याच्या लक्षात आलं, की तिने दोघांना एकाच ओळीत बसवलं होतं.

नंबर कोणाकोणाकडे आहे ते हळूहळू बाहेर पडू लागलं. अमिषाकडे होता. बचत गटातल्या नेत्राकडे होता. ठमाबाईकडेसुद्धा होता, जिताडा आला की ती थेट कमळला फोन करायची, आणि ती टोपली ज्याच्या ओटीवर उतरायची त्या घरच्या मालकाकडे नव्हता. काळूराम आता मासेवालीवर जळू लागला. शेवटी त्याने मुलीला गाठलं. अमिषा रेवसच्या बाजूला दिलेली, खाडीपलीकडे. ती फोनवर हसली.

"आयला इचारा ना, बाबा," ती म्हणाली. "मी कशी देऊ?"

येथे काही लिहू नये

रविवारी कमळ हिरवं लुगडं नेसून करंज्याहून लाँचने अमिषाकडे गेली. संध्याकाळपर्यंत येते, एवढंच म्हणाली.

चार वाजता काळूराम स्कूटर घेऊन धक्क्यावर गेला. पहिली लाँच आली. तीत कॉलेजची पोरं, दोन मोटरसायकली, आंब्याच्या पेट्या. दुसरी आली. त्याने प्रत्येक हिरवं लुगडं शेवटपर्यंत बघितलं. अमिषाला फोन करून विचारता आलं असतं, आय निघाली का. फोन दोनदा हातात घेतला. पण मग ती आपल्या आईला सांगेल, बाबा विचारत होते, आणि ते विचारणंही बायकोकडे दुसऱ्याच्या हातून जाईल. त्याने तो खिशात ठेवला. तिकीटखिडकीतल्या माणसाने बाहेर येऊन विचारलं, कोन येनार हाय? मंडळी, काळूराम म्हणाला. फोन करा की, तो म्हणाला. काळूरामने खाडीकडे बघितलं.

ओहोटी लागली होती. तिसरी लाँच आली तेव्हा पाणी इतकं उतरलं होतं, की माणसांना शेवाळलेल्या खालच्या पायऱ्यांवर उतरावं लागत होतं. सगळ्यात शेवटी कमळ दिसली. एका हातात पिशवी, दुसरा हात भिंतीला. तो खाली गेला, पिशवी घेतली आणि आपला दंड पुढे केला. तिने तो धरला.

"कवाधरनं उभे हाव?"

"आत्ताच आलो."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. वरच्या पायरीला पोचल्या पोचल्या तिच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. तिने काढला, नाव बघितलं आणि कानाला लावला.

काळूराम थांबला. स्कूटरकडे जाणारा रस्ता सरळ होता आणि वारा त्याच्याच दिशेने येत होता. ती बोलत पुढे निघाली तसं त्याने तिला जाऊ दिलं, आणि शब्द ऐकू येणार नाहीत इतकं अंतर राखून तो पिशवी घेऊन मागून चालू लागला.