रुमालाखालची बोटं

“मनगटं वर. वर म्हणजे हवेत, टेबलाच्या मांडीवर नाही,” असं म्हणत बाईंनी मावशींच्या हातांवर पुन्हा रुमाल पसरला.

रुमालाखाली बोटं चाचपडू लागली. टाइप करताना हाताकडे बघायचं नाही, बघायला वाकलं की मनगटं टेकतात, म्हणून हा रुमाल. वर्गात प्रत्येकाला एक. बाई ते स्वतः घरी धुऊन, घड्या घालून आणत. मावशींनी मान वाकडी करून हळूच आत डोकावून पाहिलं.

“काय पुरलंय तिथे?”

“अक्षर शोधत होते हो. कालपर्यंत इथेच होतं.”

“आजही तिथेच आहे. तुम्हीच हलता.”

बाईंचा हा वैताग रोजचाच. वर्गात त्यांना ‘ताठबाई’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. “देवानं दहा बोटं दिली, तुम्ही दोनच राबवता. बाकीची आठ सासरी धाडलीत का?” हे वाक्य दिवसातून चारदा तरी व्हायचं.

मावशी रुग्णालयात आया होत्या. माणसं उचलून उचलून कंबर गेली होती. सोमवारच्या परीक्षेत पास झाल्या, तर तिथेच बसून करायची, कारकुनाची जागा मिळणार होती. म्हणून ड्यूटी संपली की त्या तशाच वर्गाला येत, आणि सगळ्यांच्या मागे राहत.

शेजारी बसायचा दोनबोट्या. पाठीचं धनुष्य करून, दोनच बोटांनी खडाखड टाइप करत तो सगळ्यांच्या पुढे असे.

“मावशी, सोडा तो रुमाल,” तो म्हणाला. “बघून मारा माझ्यासारखं. परीक्षेत पाठ कोण बघतंय?”

मावशींनी रुमाल खरंच बाजूला ठेवला. मागच्या रांगेतल्या दोघींनीही ठेवला.

“घाला परत,” बाई म्हणाल्या.

कुणी घातला नाही.

“राग मानू नका बाई,” दोनबोट्या म्हणाला, “पण सहा महिने झाले, तुम्हाला टाइप करताना काही पाहिलं नाही. एकदा दाखवा की करून. जमलं तर मीपण रुमाल घेतो.”

वर्गातली खडखड थांबली. सगळे बाईंकडे बघत होते. आता नाही म्हटलं, तर सहा महिन्यांचं सांगणं पाण्यात.

बाईंनी खुर्ची ओढली. पाय जमिनीवर टेकलेले, कोपर अंगालगत, पाठ भिंतीसारखी. समोर पत्राचा कागद उभा केला, रुमाल आपल्याच हातांवर घातला आणि सुरुवात केली. दहाही बोटं अशी चालली, जणू एका आईची लेकरं एका तालावर नाचताहेत. नजर कागदावरून ढळली नाही. पडद्याकडेही नाही, नियम त्यांचाच होता.

पडद्यावर मात्र एकही शब्द धड उमटत नव्हता. दोन्ही हात एकेक घर सरकून बसले होते. दोन्ही तर्जन्यांच्या बटणांवर बारीकसा उंचवटा असतो. तो बोटाला लागला, की हात जागेवर आला. पहिल्या दिवशी प्रत्येकाची बोटं धरून बाई हेच शिकवत.

बाईंनी वर पाहिलं. दोनबोट्या हसायला निघाला होता, तो अर्ध्यातच थांबला.

“उंचवटा लागला नाही का बाई?” मावशींनी विचारलं.

बाईंनी रुमाल काढून तर्जनीचं टोक अंगठ्यावर घासलं.

“दोन वर्षं झाली, बोटं बधिर आहेत, काही लागत नाही. बरणीचं झाकणसुद्धा सून उघडून देते.” मग त्या एकदम चिडून म्हणाल्या, “तेवीस वर्षं मनगटं टेबलाच्या कडेला टेकवून टाइप केलं. सांगणारं कुणी नव्हतं. तुम्हाला घसा कोरडा करून सांगतेय, तर रुमाल काढून ठेवता.”

मावशी कमरेवर हात ठेवत उठल्या. आजाऱ्याला धरावं तसे त्यांनी बाईंचे हात अलगद धरले, दोन्ही तर्जन्या दोन बटणांवर आणून ठेवल्या आणि वर रुमाल पसरला.

“हं. आता टाका.”

बाई टाइप करू लागल्या. या वेळी पत्र पत्रासारखं उतरू लागलं. दोनबोट्या गुपचूप उठला आणि घड्यांतला वरचा रुमाल घेऊन जागेवर बसला.

पाचव्या ओळीला रुमालाची एक बाजू हळूहळू खाली आली.

“मनगट, बाई,” मावशी हळूच म्हणाल्या.

कागदावरची नजर न काढता बाईंनी ते वर उचललं.