दोन वेढ्यांची गाठ

आमच्या वाडीतला माणूस पुस्तक पुरं वाचून दर्यावर जात नाही. शेवटची पानं राखायची, जाळ्याच्या दोऱ्यानं बांधायची, गाठ मारायची आणि मग होडी लोटायची. परत आल्यावर ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडायची. ही रीत कोणी काढली म्हणून विचारलं तर सगळे तुकाराम तांडेलाकडं बोट दाखवतात, आणि तांडेल म्हणतात, "मी न्हाय बा." मुंबईला गोदीत कामाला असलेल्या आमच्या माणसांनी पुस्तकांची लोखंडी पेटी पाठवली त्याला फार वर्षं झालेली नव्हती. पण रीत मात्र पणज्यापासून चालत आल्यासारखी पाळायचे सगळे.

पेटीची चावी शाळेच्या अनंता मास्तरांकडं. त्यांनीच आम्हा मोठ्या माणसांना अक्षरं शिकवली, संध्याकाळच्या वर्गात. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, पुरुषांना काम नसतं, पत्त्यांवरून डोकी फुटायची. त्यापेक्षा वाचा म्हणाले. आणि नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी गावदेवीच्या देवळात सगळ्यांना बसवायचे. एकेकानं उठायचं, काय वाचलं, कसं वाटलं, येत्या वर्षाला काय वाचणार, ते सांगायचं.

मजा यायची, खोटं कशाला बोलू. तुकाराम तांडेल एका कादंबरीवर असे चिडले होते की मास्तरच घाबरले. "ह्या मानसानं ओहोटीला वाऱ्याच्या तोंडावर व्हडी नेली! ह्यानं जल्मात व्हडी बघितली न्हाय. पुढं कसं वाचू मी?" आमची शेजारीण ठमी म्हणाली, तिच्या पुस्तकातली बाई पानापानाला रडते, घरात मासळी सुकवायची नसेल तिच्या. माझा नवरा कान्हा उठला की सगळे आधीच हसायला लागायचे. त्याच्याकडं दोनच शब्द. पुस्तक 'बरी' नाहीतर 'लय बरी'. पुस्तकाला बाई करून टाकायचा. मास्तर सुधारून थकले. पुढं काय वाचणार म्हटलं की म्हणायचा, "पेटी सपवनार." मी म्हणायचे, एक पुस्तक. कोणतंही. मला जोडाक्षरं आली की पुढं जावंसंच वाटत नसे.

महाराष्ट्र झाला त्या साली पुनव झाली, होड्या गेल्या. वादळ आलं. कान्हाच्या होडीवरचे दोघं हरिहरेश्वरच्या खडकांत सापडले. होडीची एक फळीही सापडली. कान्हा सापडला नाही.

त्या दोघांच्या बायकांनी बांगड्या फोडल्या. माझ्या हातात हिरव्या तशाच राहिल्या, कारण सासूबाईंनी कोणाला जवळ येऊ दिलं नाही. सोनूबाई तिचं नाव, मी आये म्हणते. कान्हाचं पुस्तक घरातल्या फळीवर होतं, शेवटची पानं बांधलेली. आयेनं ते लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि देव्हाऱ्यात देवांच्या मागं ठेवलं. म्हणाली, "गाठ हाय तवर मानूस हाय."

वर्ष गेलं. कसं गेलं ते विचारू नका, मलाच सांगता येणार नाही. मासळी सुकवली, पाटी घेऊन दिघीच्या बाजाराला गेले, आले, भात शिजवला. कोणी म्हणालं आज ऊन आहे, की मग मला कळायचं ऊन आहे ते. हळदीकुंकवाला मला बोलवावं की नाही यावरून बायकांत कुजबूज व्हायची, शेवटी कोणी बोलवतच नसे. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. एकदाच राग आला, तो मांजरावर, तिनं बोंबील पळवला म्हणून. त्या रागाचंसुद्धा मला बरं वाटलं.

पुनव पुन्हा जवळ आली तसे मास्तर दारात आले. छत्री मिटून उभे, आत यायला तयार नाहीत.

"केसरबाई, मी मागत नाही. पण ठमीनं ते पुस्तक मागितलंय, आणि पेटीत त्याची दुसरी प्रत नाही. उद्या सगळे जमतील. काय सांगू तिला?"

मी काही म्हणायच्या आत आये आतून ओरडली, "न्हाय म्हनून सांगा! माझा पोर इल, सोडल, मंग घेऊन जा!"

मास्तर गेले. मी आयेकडं बघत राहिले. म्हातारी वाळली होती अगदी. तिचा पोर येणार म्हणून मी पण रोज त्याच्या वाटणीचा भात टाकत होते आणि रोज तो शिळा खात होते. आणि एकदम मला त्या भाताचा वीट आला. मी उठले आणि देव्हाऱ्यात हात घातला.

"केसर! गाठ सोडू नको गो!"

"सोडत न्हाय. बघते."

वर्षभर मी ते बघितलं नव्हतं. हे कोणाला खरं वाटणार नाही, पण बघितलं नव्हतं. रोज दिवा लावायचे, लुगड्याचा तुकडा दिसायचा, मी नजर फिरवायचे. आता तो उलगडला. पुस्तकाला अजून होडीच्या तेलाचा वास होता. पुनवेच्या आधी आम्ही होडीला माशाचं तेल लावतो, तो वास हातांचा जाता जात नाही.

दोरा पानांभोवती घट्ट होता. गाठ बघितली आणि मी खाली बसले.

गाठीला दोन वेढे होते. कान्हा जन्मात दोन वेढे घेत नसे. एकच वेढा, आणि खस्सकन ओढायचा. त्यावरून आये त्याला शिव्या घालायची, कारण जाळं विणायला तिनंच त्याला शिकवलं होतं आणि ती दोन वेढे घेते. आमच्या वाडीत कोणाचं जाळं कोणी विणलं ते गाठीवरून कळतं. सांगावं लागत नाही.

"आये, ही तुजी गाठ हाय."

म्हातारी भिंतीला टेकून बसली आणि एकदम लहान पोरीसारखं तोंड केलं तिनं.

"तो गेला नि बघते तर पुस्तक मोकलंच. फलीवर. बांधायचं इसरला म्हनलं. व्हड्या दिसत व्हत्या अजून. मी बांधली. मला काय ठावं गो, दुसऱ्याच्या हातची चालते का न्हाय? न्हाय चालली. माज्या हातची चालली न्हाय, केसर."

वर्षभर ही बाई हे घेऊन बसली होती. मला वाटत होतं ती मला अडवतेय. ती स्वतःलाच कोंडून बसली होती. तिला जवळ घ्यावं असं मनात आलं, पण हात उचलला नाही. मी तिला म्हटलं, "तूच बांधलीस, मंग तूच सोड."

तिला ते पटलं. रीतीत बसत होतं. तिनं गाठ दातांनी सैल केली, मग नखांनी सोडली. पुस्तक माझ्याकडं सरकवलं, कारण तिला अक्षर येत नाही.

मी शेवटचं पान उघडलं. वाचायला नव्हे, नुसतंच उघडलं. कोपऱ्यात अंगठ्याचा तेलकट डाग. मागच्या पानावर तसाच. त्याच्या मागच्या पानावरही. आधीची पानं बघितली, ती स्वच्छ. तो हात धुऊन वाचायचा, मास्तर ओरडतात म्हणून. शेवटच्या पानांना तेवढी उसंत नव्हती. होडीला तेल लावता लावता, सकाळी, तिथंच वाळूत बसून त्यानं पुस्तक संपवलं होतं.

"आये, तो इसरला न्हवता. बांधायला पानं उरलीच न्हवती. वाचून सपवलं त्यानं."

"सपवलं?"

"व्हय."

आये किती वेळ त्या डागांवरून बोट फिरवत होती. मला आठवलं ते तेव्हा. निघताना तो जेवत होता, मी घाई करत होते, आणि तो म्हणाला होता, "केसर, ही तू वाच. शेवट तुला आवडल." मी म्हटलं होतं, जेव गप. शेवट आवडेल हे वाचल्याशिवाय कोणी सांगेल का? वर्षभर ते वाक्य माझ्यापाशी होतं आणि मला ते ऐकूच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आयेला घेऊन देवळात गेले. आम्ही येऊ असं कोणाला वाटलं नव्हतं, बायकांनी सरकून जागा केली, नको तेवढी. तांडेलांनी या खेपेला एका पुस्तकाला चक्क चांगलं म्हटलं, त्यात समुद्रच नव्हता म्हणून. मग मास्तरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला सोडून पुढं जायला लागले. मी उभी राहिले.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मी घेतलं.

"कान्हा. पुस्तक पुरं वाचलं. लय बरी."

कोणी हसलं नाही. पुरं वाचलं म्हणजे काय, ते तिथल्या पोरासोरांनाही कळत होतं. परत येऊन सोडायची गाठच त्यानं ठेवली नव्हती, आणि हे मी, त्याची बायको, हिरव्या बांगड्या घालून सगळ्यांपुढं सांगत होते. त्याच्या होडीवरच्या त्या दोघांच्या बायकांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. माझे डोळे कोरडेच होते.

"आणि तुम्ही, केसरबाई?" मास्तर हळूच म्हणाले. "तुमचा काय बेत?"

"हेच वाचीन. पयल्यापासून." ठमीकडं बघून म्हटलं, "माजं झालं की तुला देते. उशीर लागल, मला जोडाक्षरं जड जातात. पन मी शेवटपर्यंत वाचनार. मला कुठं दर्यावर जायचंय?"

ठमी म्हणाली, "सावकास वाच गो."

घरी आलो. आयेनं दिवा लावला, देव्हाऱ्यात लुगड्याचा तुकडा रिकामाच पडला होता, तो घडी करून ठेवला. मी परातीत तांदूळ घेतले. हात सवयीनं तिसऱ्या वाटणीकडं गेला, तो मागं घेतला. मग आयेपुढं बसले आणि दोन्ही हात पुढं केले.

तिनं माझ्या बांगड्यांवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ह्या उंद्या फोडू," ती म्हणाली. "आज मला शेवट वाचून दाखव. त्यानं काय वाचलं ते ऐकू दे."

मी पुस्तक घेतलं, पहिला तेलकट डाग शोधला आणि अक्षरांवर बोट ठेवून वाचायला लागले.