सौम्य बदल

चौकशीच्या खिडकीत बसून बावीस वर्षं ती लोकांना बसच्या वेळा समजावत आली होती. त्याच बाईला आता फोनवर आलेल्या तपासणी-अहवालाच्या दोन ओळी सात वेळा वाचूनही उमगत नव्हत्या. ‘गर्भाशयमुखाच्या पेशींत सौम्य बदल. एचपीव्ही पॉझिटिव्ह. पुढील तपासणीसाठी यावे.’

घरी नवऱ्यानं दहा मिनिटं इंटरनेट चाळलं आणि तो तज्ज्ञ झाला.

“विषाणू आहे म्हणे. संबंधातून येतो.” मग घसा खाकरत, “आला कुठून?”

घरात दूध कुठून येतं हेही ज्यानं आजवर विचारलं नव्हतं, त्याला एकाएकी उगमाची ओढ लागली होती.

संध्याकाळी नणंदबाई हजर. “वहिनी, तुझा चेहराच सांगत होता गं!” गेल्याच आठवड्यात त्यांना तो चेहरा टवटवीत दिसला होता. त्यांनी तिचा हात असा हाती घेतला, की शेवटची भेट घ्यायला आल्यासारखं वाटावं. तिनं चहा ठेवला. दुःखात सहभागी व्हायला आलेल्यांना साखर जास्त लागते. पण रात्री मोरीत तोंड धुताना तिला एकदम रडू फुटलं, आणि आवाज नको म्हणून तिनं नळ मोठा सोडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. “हा कॅन्सर नाही. पेशी थोड्या बदलल्यात, बहुतेकदा आपोआप पूर्ववत होतात. दुर्बिणीतून नीट बघू, गरज वाटली तर कणभर तुकडा तपासू.”

“पण आला कुठून?” नवऱ्याचं घोडं तिथंच अडलेलं.

“हा विषाणू खूप जणांत असतो, आणि वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. यांच्यात आधीपासून असेल, तुमच्याकडून आला असेल. सांगता येत नाही.”

‘तुमच्याकडून’ ऐकताच नवऱ्याला भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यात अतोनात रस निर्माण झाला. घरी येईपर्यंत तो प्रश्न त्यानं पुन्हा काढला नाही. नंतरही नाही.

तपासणी दहा मिनिटांत उरकली. एक चिमटा, थोडं रक्त. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: बदल सौम्यच, उपचार नकोत, वर्षानं पुन्हा तपासणी.

“बघ, मी म्हटलंच होतं, काही नसणार!” नणंदबाई म्हणाल्या.

“ताई, तुमची तपासणी कधी झाली?”

“मला कशाला? मला काही त्रास नाही.”

“मला तरी कुठं होता?”

नणंदबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“दुखतं का गं फार?” त्यांनी हळूच विचारलं.

टोमणा तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला.

“थोडंसं. मंगळवारी माझी सुट्टी आहे. मी येते बरोबर.”