लपलेले पाच ठोकळे

"चौदा," ईशा म्हणाली.

मी कागद अजून जमिनीवर नीट ठेवलाही नव्हता. त्यावर कोपऱ्यात रचलेल्या ठोकळ्यांचं चित्र होतं. ठोकळे किती ते आधी ओळखायचं, मग लाकडी ठोकळे तसेच रचून पडताळायचं. मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या पडवीत हा खेळ चालतो. बाकीची मुलं मग बोट लावत मोजू लागली आणि नऊपर्यंतच पोचली.

"कुठून बघितलंस गं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

पायरीवर ईशाची आई, राजश्री, उभी होती. आंबे भरायच्या शेडमधून जेवणाच्या सुट्टीत लेकीला न्यायला आलेली, साडीला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या. माझं वाक्य ऐकून तिनं मान खाली घातली. चौथीत माझ्या वर्गात असताना घालायची तशीच.

"बघायचं कशाला, बाई?" ईशा म्हणाली. "नऊ दिसतायत. खालच्या थरात चार लपलेत, मधल्यात एक. आईनं भरलेल्या पेटीत खालचे आंबे दिसतात काय? पण असतात ना."

मुलं हसली. मी त्यांना घरी पाठवलं.

सव्वीस वर्षांपूर्वी स्कॉलरशिपच्या सराव पेपरात मी हेच चित्र दिलं होतं. राजश्रीनं नुसतं 'चौदा' लिहिलं, रीत नाही. डॉक्टरांची मुलगी शेजारी बसलेली; तिचंही चौदाच. मी उभं केलं ते आंबे भरणारीच्या मुलीला, राजश्रीला. "कुठून बघितलंस?" सगळ्या वर्गासमोर विचारलं आणि परीक्षेच्या यादीतून तिचं नाव खोडलं. सातवीनंतर तीही शेडमध्ये गेली.

ईशा अंगणात चपला शोधत होती.

"राजश्री, तू तेव्हा बघून लिहिलं नव्हतंस."

"मला ठावूक हाय की, बाई." ती किंचित हसली. "तुम्हाला कधी कळलं?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं.

"त्याच संध्याकाळी. डॉक्टरांच्या मुलीच्या पेपरावर नऊ खोडून चौदा केलेलं दिसलं. यादी अजून माझ्याच पिशवीत होती."

"मग?"

"वर्गासमोर बोलून बसले होते गं."

ती खाली बसली आणि ठोकळे डब्यात भरू लागली. माझ्या हातून त्या डब्याचं झाकण कधीच बसत नाही, मी वरून सुतळी बांधते. तिनं एक थर लावला, डबा जरा फिरवला, दुसरा थर लावला, वरून तळवा फिरवला.

"आई, पेंढा नको हां घालूस," ईशा अंगणातून ओरडली.

झाकण अलगद बसलं.

"येते, बाई. सुट्टी संपली माझी." पायरी उतरून ती थांबली. "उद्या पाठवते हिला. हिला विचारताना 'कसं काढलंस' म्हणून विचारा."

दोघी कुंपणाचं बेडं लोटून बाहेर गेल्या. सुतळी माझ्या हातातच राहिली.