कापलेल्या नाड्या

डायनने टेबलावर बिस्किटांचा पुडा उभा केला.

"हा तो दगड," तो म्हणाला. मग नोलीनच्या मगमधला चमचा उचलून झटकला आणि पुड्याच्या पायथ्याशी आडवा ठेवला. "आणि हा पोरगा."

नोलीनला चहा ढवळायचा होता. तिने मग जवळ ओढला आणि तसाच प्यायला सुरुवात केली.

डोंगरात फिरणाऱ्यांच्या मुक्कामासाठी बांधलेली ही हट पत्र्याची, एका खोलीची. पुढे नदी, मागे ओढा आणि दोन्हींना पूर. पाणी उतरेपर्यंत कुणाला कुठे जाता येणार नव्हतं. क्राइस्टचर्चहून आलेलं तरुण जोडपं, डायन आणि पिप, आणि ग्रेमाउथहून एकटीच आलेली साठीची नोलीन असे तिघे आत अडकले होते. पत्ते खेळून झाले, पावसाला शिव्या घालून झाल्या. मग डायनला आठवलं की ती प्रसिद्ध दरी म्हणजे हीच, आणि तेव्हापासून त्याच्या बोलण्याला खंड नव्हता.

दोन हिवाळ्यांपूर्वी कॅलम नावाचा मुलगा आणि त्याची मैत्रीण एस्मी, दोघंही विशीतले, इथल्या एका मोठ्या दगडापाशी मेलेले सापडले होते. हट तिथून हाकेच्या अंतरावर. पाठीवरच्या पिशव्यांत खाणं होतं, काड्यापेटी कोरडी होती. पायांत मात्र नुसते मोजे, आणि बूट दगडाला टाचा लावून ओळीने ठेवलेले. चौकशीत थंडीने मृत्यू असं ठरलं. बुटांचं कोडं कुणाला सुटलं नाही, मग ते सगळ्या देशाने सोडवायला घेतलं.

"शिकारी असणार कुणीतरी," डायन म्हणाला. "बंदूक रोखून बूट काढायला लावले."

"आणि ओळीने ठेवायला लावले? भलताच टापटिपीचा शिकारी दिसतो," पिप म्हणाली. "नोलीन, याचं मनावर घेऊ नका. रात्र रात्र हेच वाचत बसतो. माझा वाढदिवस विचारा, तो नाही सांगता येणार."

"बरं, शिकारी नको. मग पोरानेच केलं. त्याचे स्वतःचे बूट नीट सोडलेले आणि तिच्या नाड्या कापलेल्या. त्याच्याच सुरीने! तिला पळता येऊ नये म्हणून. दुसरं काही कारण असेल तर सांग."

पिपला सुचलं नाही. नोलीनलाही सुचलं नाही, आणि ती तर दोन वर्षं तेच दुसरं कारण शोधत होती. कॅलम तिचा मुलगा. एस्मीची आई पूर्वी बाजारात भेटली की अर्धा तास सोडायची नाही, आता नोलीनला पाहून रस्ता ओलांडायची. तेही सोसलं असतं. पण एकदा भांडी घासताना नोलीनच्या लक्षात आलं की आपण आठवतोय, लहानपणी याने कधी कुत्र्यामांजराला छळलं होतं का. स्वतःच्या पोराबद्दल. त्या दिवशी तिला स्वतःची इतकी किळस आली की हातातली ताटली तशीच पाण्यात सोडून ती घराबाहेर निघून गेली.

म्हणून एकदा तो दगड पाहावा असं ठरवून ती आली होती. दगड पाहिला. दगडच होता. आणि परतायच्या आत नदी चढली. आता खरं सांगितलं असतं तर डायन गप्प झाला असता, आणि मग पूर उतरेपर्यंत दोघं तिच्याकडे त्या नजरेने पाहत राहिले असते. त्यापेक्षा हे बरं, असं म्हणून ती ऐकत होती.

"लाकडं संपली," पिप उठली. "तू बस तुझ्या पुड्याशी खेळत."

लाकडांची खोपी अंगणापलीकडेच होती, पण पावसात खिडकीतून तीही दिसत नव्हती. पिपला बराच वेळ लागला. शेवटी पडवीत धडपड ऐकू आली तेव्हा नोलीनने दार उघडलं. वाट चुकून पिप ओढ्याच्या काठच्या दलदलीत गेली होती. कमरेपर्यंत चिखल, ओठ निळे, लाकडं पायाशी सांडलेली.

"आत ये आधी!" डायन म्हणाला.

"बूट आहेत."

पाऊस तिरपा पडवीत येत होता. समोर दार उघडं, आत शेगडी पेटलेली, आणि ही बाहेर वाकून नाड्यांशी झगडत होती. या मुलखात बूट घालून हटमध्ये कुणी शिरत नाही, आणि शिरावं की नाही असा विचारही कुणी करत नाही. नोलीन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. गाठी भिजून, चिखल शिरून घट्ट झाल्या होत्या. पिपची बोटं नुसतीच त्यांच्यावरून फिरत होती.

"कापून टाका," पिप म्हणाली.

"अगं, वेडी आहेस का? परत चालत जायचंय आपल्याला."

"आता कुठे जायचंय? पोचले ना मी."

नोलीनने पावाची सुरी मागून घेतली. पातं नाडीखाली घातलं आणि वर ओढलं. एक बूट निघाला. दुसऱ्या बुटाशी तिचा हात थांबला. तिने मान वर करून हटची भिंत पाहिली. राखाडी, ओली, सरळ वर गेलेली. पावसात इथून ती कशाचीही वाटली असती.

तिने दुसरी नाडी कापली आणि दोन्ही बूट भिंतीला टाचा लावून ठेवले. पिप मोज्यांवर आत गेली.

नोलीन तिथेच बसून राहिली. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. पावसात कुणाला कळणार नव्हतं.

आत आली तेव्हा डायनने पिपला झोपायच्या पिशवीत गुंडाळून शेगडीजवळ बसवलं होतं.

"पळता येऊ नये म्हणून नाही," नोलीन म्हणाली.

"काय?"

"नाड्या. त्या मुलीची बोटं चालत नव्हती. त्याने तिला आत घेतलं."

"आत कुठे? तिथे नुसता दगड आहे."

"त्यांना हट वाटली ती."

डायनने मान हलवली. "जीव जायची वेळ आलीय आणि बूट काढायचं लक्षात राहतं का कुणाच्या?"

"माझ्या राहिलं," पिप हळूच म्हणाली.

नोलीन ओल्या बाह्या पिळत शेगडीपाशी उभी राहिली.

"कॅलम पाच वर्षांचा असताना एकदा चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरात आला होता," ती म्हणाली. "सगळी फरशी त्याच्याकडून पुसून घेतली मी. त्यानंतर कधी विसरला नाही."