खजूरवालीचं नाव

त्या वर्षी मल्लेश्वरमच्या आमच्या घरात सवत आली. नीरजा तिचं नाव, आमच्या यांची विद्यार्थिनी, आणि यांच्याशी संबंध निव्वळ अभ्यासाचा. हे मला पक्कं ठाऊक होतं, पण ठाऊक असल्याने मनातली आग विझत नाही.

आमचे हे, त्रिविक्रमराव, कॉलेजात इतिहास शिकवत. प्राचीन ज्यू आणि त्यांच्या शेजारचे अरब हा यांचा ध्यास. ते एकमेकांच्या बाजारात कसे जात, सोयरिकी कशा करत, सगळं तोंडपाठ. आमच्या शेजारी कोण राहतं, ते मात्र मला विचारायचे. लग्न झाल्यापासून यांचा प्रत्येक लेख मी सुवाच्य अक्षरात उतरवून दिला. मग नीरजा टाइपरायटर घेऊन आली आणि माझं अक्षर निवृत्त झालं. मला अक्का म्हणायची, कॉफीला नावाजायची. त्याचाही रागच यायचा.

तेव्हा एका ज्यू विधवेचे कागद गुहेत सापडले होते. अरब राजाच्या मुलखात तिच्या खजुराच्या बागा. नवरा गेल्यावर सवतीशी भांडण: थोरलीने घरातलं सगळं उचललं, ही या खजूरवालीची तक्रार. थोरलीने इतकी घाई का केली, यावर व्हरांड्यात दोघांचा खल चालला होता.

मी कॉफी ठेवता ठेवता म्हटलं, "सामानासाठी नव्हे. त्या घरात आधी आपण आलो, एवढंच तिला दाखवायचं होतं."

मग यांनी ते टिपून घेतलं, आणि त्या रात्री मला छान झोप लागली.

लेख टाइप होऊन आला. माझं वाक्य त्यात होतं. शेवटी आभार होते ग्रंथपालांचे, आणि 'मौलिक चर्चेबद्दल कुमारी नीरजा' यांचे. मी ते दोनदा वाचलं.

"माझं नाव?" मी विचारलं.

हे हसले. घरच्यांचे का कुणी आभार मानतं, म्हणाले.

"ती खजूरवाली ज्यू. शेजारच्या अरबांनी तिचं नाव आपल्या लिपीत लिहून ठेवलं. मी तुमच्या घरातली, आणि तुमच्या लेखात मी नाही."

नीरजाने मान खाली घातली. यांचं हसू मावळलं. पेन उघडून यांनी तिच्या नावाखाली लिहिलं, 'तसेच माझी पत्नी.'

"पत्नीला नाव आहे," मी म्हटलं.

यांनी 'वसुमती' लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. नीरजा हळूच तिच्या कानडीत म्हणाली, "सरी ना, अक्का? ठीक ना आता?"

पोर गुणी होती. माझे डोळे भरून आले होते, तरी मी कागद परत ढकलला.

"हिच्या वर लिहा," मी म्हटलं. "आधी मी आले."