म्हसोबाच्या नावाचा दोरा

कोंबड्यांच्या बाबतीत मोशीत सोपानरावांचा शब्द शेवटचा होता. महिन्याचं पिल्लू हातात घेऊन ते 'नर' म्हणाले की तो नरच निघायचा. यंदा मात्र म्हाताऱ्याने कहरच केला. खुडूक कोंबडीखालचं एक टोकदार अंडं चाचपलं, "ह्यात म्हसोबाचा कोंबडा हाय," असं जाहीर केलं आणि त्यातून निघालेल्या पिल्लाच्या पायात देवाच्या नावाचा काळा दोरा बांधून टाकला. असा दोरा ज्याने बांधला त्यानेच सोडायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही, ही गावची रीत.

पुढे कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि खुराडं रिकामं झालं. राहिली दोनच पिल्लं, एक दोऱ्याचं आणि एक बिनदोऱ्याचं.

ती तीन महिन्यांची झाली तशी सून गोजाबाई धास्तावली. बिनदोऱ्याच्या पिल्लाचा तुरा लालबुंद झाला होता, पाय जाडजूड. दोऱ्याच्या पिल्लाचा तुरा पिवळट आणि बुटका. ती सरळ सरळ तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. येत्या रविवारी म्हसोबाच्या जत्रेत देवाचा कोंबडा म्हणून तिच्या मानेवर सुरी फिरली की मागे उरणार एकटा कोंबडा, आणि कोंबड्याने अंडी घातल्याचं गोजाबाईच्या काही ऐकिवात नव्हतं. लग्नानंतर चिखलीहून आईने पाटीत घालून दिलेल्या कोंबडीचा हा वंश. आई गेली, ती कोंबडीही गेली. ही तलंग मरू द्यायची नाही, असं तिनं ठरवलं. आणि गोजाबाईनं ठरवलं म्हणजे ठरवलं.

नवरा भैरू पिंपरीच्या नव्या कारखान्यात जायचा. सायकल भिंतीला टेकवत तो म्हणाला, "दिसतंय गं मलाबी. पण आबांना सांगणार कोण?"

"मी."

रात्री जेवताना तिनं सांगितलं. "मामंजी, दोऱ्याचं पिल्लू तलंग हाय."

"चाळीस वर्सं कोंबड्या वळखतोय म्या. आता तू शिकवणार व्हय?" सोपानराव ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी भैरू कामावर गेल्याबरोबर तिनं तलंग आणली आणि ओट्यावर बसलेल्या सासऱ्याच्या मांडीवर ठेवली. "आता तुरा बघा. लाल हाय का पिवळा?"

"लाल! डोळं फुटलं का तुजं?"

तिच्या ओठांवर चांगलं खरमरीत उत्तर आलं होतं. पण म्हातारा तुऱ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर तलंगीच्या वरून समोरच्या भिंतीवर लागली होती. दिवाळीपासून कुणी पिल्लं दाखवायला आणली की हे "उद्या ये" म्हणून परत पाठवत होते, ते तिला आठवलं. आणि अंड्याचं टोक बोटांनाही कळतं.

तिचा राग जागच्या जागी विरला. म्हाताऱ्याची फार कणव आली तिला. पण नुसत्या कणवेनं तलंग वाचणार नव्हती. शेजारणींना हाक मारली असती तर दोन मिनिटांत निकाल लागला असता, आणि सासऱ्याचं गावभर हसं झालं असतं. तेही तिला होऊ द्यायचं नव्हतं.

ती खाली बसली. सासऱ्याचा हात धरणं सुनेला शोभणारं नव्हतं, तरी तिनं तो धरला. "डोळं ऱ्हाऊ द्या. शेपटीजवळची पिसं चाचपा."

पिसं रुंद होती, टोकाला गोल. मग तिनं दुसरं पिल्लू पुढे केलं. त्याची पिसं निमुळती, टोकदार लागली, कोंबड्याची असतात तशी. सोपानरावांनी पुन्हा पहिलं चाचपलं, पुन्हा दुसरं.

"कवा कळलं तुला? माझ्या डोळ्यांचं?"

"आत्ताच. माझ्याकडनं कुणाला कळायचं न्हाई."

म्हाताऱ्याची बोटं गाठ शोधू लागली. गाठ सुटायला वेळ लागला, पण गोजाबाईनं हात लावला नाही. मग तिनं कोंबड्याचा पाय पुढे धरला आणि सोपानरावांनी त्यात दोरा बांधला.

शनिवारी वरच्या आळीचा ज्योतीराम पाटीत चार पिल्लं घेऊन आला. "सोपानराव, ह्यातला नर कुठला तेवढं सांगा."

गोजाबाई दारात थबकली. मामंजींना ताप आहे म्हणून सांगावं, असं तिनं मनाशी जुळवलंही.

"माझं डोळं गेलं, ज्योतीराम," सोपानराव खणखणीत आवाजात म्हणाले. दोऱ्याचीही चूक त्यांनी तिथंच सांगून टाकली. मग घराकडे मान वळवून त्यांनी हाक मारली, "गोजा, बाहेर ये. पाव्हणं तुझ्याकडं आल्यात."